ट्रिप नको म्हणणाऱ्यांना

‘व्हायब्रेशनला अलार्म पुरेसा आहे, ट्रिप हवी कशाला?’ ट्रिप म्हणजे कंपने हद्दीबाहेर गेली की मशीन आपोआप थांबवणे. रायगडमधल्या नागोठणे, धाटाव, खोपोली, पाताळगंगा या पट्ट्यातल्या कारखान्यांत हा प्रश्न पूर्वी शिफ्ट सुटताना टपरीवर दबक्या आवाजात विचारला जाई. आता तो मेंटेनन्सच्या बैठकीत पडद्यावर आकडे दाखवून विचारतात. विचारणारे अडाणी नाहीत. शिकलेले आहेत, कामाचे आहेत, उत्पादनाची जबाबदारी त्यांच्या डोक्यावर आहे. म्हणून त्यांना उत्तरही नीट द्यायला हवे.

त्यांचे म्हणणे तीन मुद्द्यांत येते. खोट्या ट्रिपने लाखो रुपयांचे उत्पादन बुडते, तेव्हा मशीन थांबवायचे की नाही हे अनुभवी माणसाने ठरवावे, हा पहिला मुद्दा. रिले ही जुन्या जमान्यातली चीज आहे, सगळी माहिती नेटवर्कवरून डीसीएसमध्ये, म्हणजे प्लांटच्या मुख्य नियंत्रण संगणकात, येतेच, मग रॅकमध्ये वेगळे रिले मॉड्यूल आणि त्याच्या तारा कशाला, हा दुसरा. आणि एआय महिनाभर आधीच बिघाड सांगणार असेल तर शेवटच्या क्षणी मशीन पाडण्याची वेळच येणार नाही, हा तिसरा. तिन्ही मुद्द्यांत थोडे तथ्य आहे. पण तिन्हींतून काढलेला ‘म्हणून ट्रिप काढा’ हा निष्कर्ष चूक आहे, आणि ज्यांना त्याची किंमत मोजावी लागेल ते त्या बैठकीला नसतात. याच पट्ट्यातले पाली हे बल्लाळेश्वराचे गाव म्हणून सगळ्यांना ठाऊक आहे. पण सुधागड तालुक्यातल्या कित्येक घरांची चूल या कारखान्यांवर पेटते. वाकण-खोपोली रस्त्यावर पहाटे कंपनीच्या बसची वाट पाहत उभी असलेली माणसे त्याच मशीनच्या शेजारी आठ तास काढणार असतात.

ज्यांनी हा रॅक, म्हणजे कंपने मोजणाऱ्या मॉनिटरांचा खण, पाहिलेला नाही त्यांच्यासाठी आधी थोडे सांगतो. मोठ्या टर्बाइनचा किंवा कॉम्प्रेसरचा शाफ्ट बेअरिंगला टेकून फिरत नाही. तो तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. शाफ्ट आणि बेअरिंग यांच्यात जागा असते ती मायक्रॉनमध्ये मोजण्याइतकी. प्रत्येक बेअरिंगपाशी एकमेकींशी काटकोनात दोन प्रोब बसवलेल्या असतात. शाफ्टला न शिवता, एडी करंटच्या तत्त्वावर, त्या शाफ्टचे हलणे मोजतात. हे माप मॉनिटरकडे जाते. मॉनिटरमध्ये दोन मर्यादा लावलेल्या असतात: पहिली ओलांडली की ‘अलर्ट’, दुसरी ओलांडली की ‘डेंजर’.

इथपर्यंत नुसते मोजणे झाले. मशीन अजून फिरतेच आहे. ते थांबते रिलेमुळे. डेंजर आला की रिलेची कॉइल आपली अवस्था बदलते, काँटॅक्ट सुटतो किंवा जुळतो, त्या तारेवरचा ट्रिप सोलेनॉइड हलतो, ट्रिप व्हॉल्व्ह बंद होतो आणि टर्बाइनची वाफ तुटते. बेंटली नेवाडाच्या ३५०० रॅकमध्ये चार रिलेंचे एक मॉड्यूल असते, सोळा रिलेंचे एक असते आणि तिहेरी व्यवस्थेचेही असते. इतर कंपन्यांच्या रॅकमध्येही रचना याच जातीची असते. रॅकच्या बाकी भागाला मशीनविषयी सगळे माहीत असते, पण ते थांबवण्याचा हात या मॉड्यूललाच असतो. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचे एपीआय ६७० हे मानक १९७६ मध्ये आले आणि त्याची पाचवी आवृत्ती २०१४ मध्ये निघाली. मधल्या चार दशकांत त्यात पुष्कळ बदल झाले, पण मोजणाऱ्या व्यवस्थेला थांबवण्याचा हात असला पाहिजे, हा गाभा तसाच राहिला.

आता पहिला मुद्दा. निर्णय माणसाने घ्यावा, हे ऐकायला फार चांगले वाटते. आपल्या भागाला यंत्रांची सवय जुनी आहे. टाटांचे खोपोलीचे वीजगृह १९१५ सालचे, भिवपुरीचे १९२२ चे, भिऱ्याचे १९२७ चे. बेअरिंगच्या घरावर हात ठेवून, कानाला स्क्रू ड्रायव्हर लावून बिघाड ओळखणारे फोरमन या मातीत होऊन गेले आणि त्यांच्याविषयी मला आदरच आहे. पण त्यांनी ओळखला तो हळूहळू वाढणारा बिघाड. मिनिटाला दहा हजार फेरे घेणाऱ्या रोटरवर हात ठेवून निर्णय घ्यायला वेळच नसतो.

हिशेब करून पाहा. मिनिटाला दहा हजार म्हणजे सेकंदाला १६७ फेरे. समजा, अशा रोटरच्या मध्यापासून ३० सेंटिमीटरवर असलेल्या ब्लेडचा १०० ग्रॅमचा तुकडा उडाला. एवढ्याने रोटरवर जो असंतुलित जोर येतो तो सुमारे ३३,००० न्यूटन, म्हणजे सव्वातीन टनांच्या वर. हा जोर दर फेऱ्याला दिशा बदलत बेअरिंगवर आदळतो, सेकंदाला १६७ वेळा. खतकारखान्यातले सिंथेसिस गॅस कॉम्प्रेसर किंवा क्रॅकरमधले मोठे कॉम्प्रेसर याच पंक्तीतले. थळ आणि नागोठण्याच्या लोकांना ही मशीन काय असतात ते वेगळे सांगायला नको.

अशा वेळी अलार्म वाजला तर काय होते, तेही पाहू. पॅनेल ऑपरेटरसमोर एकाच वेळी दहा अलार्म पेटलेले असतात. तो शिफ्ट इन्चार्जला फोन करतो. इन्चार्ज रोटेटिंग मशीनवाल्यांना विचारतो, ते म्हणतात इन्स्ट्रुमेंटवाल्यांना विचारा, प्रोब खरी दाखवते आहे का ते बघा. इन्स्ट्रुमेंटचा माणूस फील्डमध्ये निघतो. चार माणसे, चारही कामात चोख, आणि मशीन फिरतेच आहे. पालीच्या देवळात चिमाजी अप्पांनी वसईच्या विजयानंतर दिलेली पोर्तुगीज घंटा आहे. अलार्म या घंटेसारखा असतो, ऐकू सगळ्यांना येतो, पण वाट कुणाची अडवत नाही.

माणसावर निर्णय सोडण्यात आणखी एक अन्याय आहे, त्याविषयी बैठकीत कुणी बोलत नाही. रात्री अडीच वाजता ज्या ऑपरेटरने हाताने मशीन पाडले, त्याला सकाळी दहा जण जाब विचारतात: खात्री करून घेतली होती का, थोडे थांबला का नाहीस, किती टन गेले माहीत आहे का? ज्याने मशीन पाडले नाही आणि नशिबाने काही झाले नाही, त्याला कुणी काही विचारत नाही. अशा हिशेबात माणूस कोणत्या बाजूला झुकेल? रिलेला इन्क्रिमेंट नसते, बदलीची भीती नसते, साहेबाचा चेहरा आठवत नाही. ट्रिप ही ऑपरेटरच्या अधिकारावर गदा आहे असे म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावे, की ती ऑपरेटरची ढालही आहे.

दूरचे एक उदाहरण पाहा. १७ ऑगस्ट २००९ रोजी रशियात येनिसेई नदीवरच्या सायानो-शुशेन्स्काया जलविद्युत केंद्रात दोन नंबरच्या टर्बाइनचे झाकण त्याच्या थकलेल्या स्टडवरून उखडले, पाणी यंत्रघरात घुसले आणि ७५ माणसे गेली. त्या यंत्राची कंपने वाढलेली होती, हे चौकशीत पुढे आले. कंपने मोजली जात होती, पण त्या मोजण्याने यंत्र थांबले नाही. अपघाताची कारणे अनेक होती, सगळा दोष एका तारेवर टाकणे बरोबर होणार नाही. पण ‘माहिती होती, निर्णय माणसावर होता’ याचा शेवट कसा होऊ शकतो, ते तिथे दिसले.

आता खोट्या ट्रिपबद्दल. त्या होतात, आणि त्यांचा त्रास खरा आहे. वर्षात दोनदा विनाकारण मशीन पडले की सगळ्या प्लांटचा व्हायब्रेशनवरचा विश्वास उडतो. गरम मशीन अचानक थांबणे आणि पुन्हा सुरू करणे यात मशीनचीही झीज होते, फ्लेअरवर गॅस जाळावा लागतो, सुरू करतानाचे तास सगळ्यांत धोक्याचे असतात. ट्रिपच्या विरोधकांचा हा सगळ्यांत भक्कम मुद्दा आहे, आणि तो मला मान्य आहे. पण खोटी ट्रिप रिले करत नाही. त्याला वरून आदेश आला म्हणून तो हलला. खोटेपणा त्याच्या मागे असतो, बहुतेक वेळा फील्डमध्ये.

कोकणातल्या पावसाळ्यात याचा हमखास अनुभव येतो. जून उजाडतो, पहिला आठवडा सरतो आणि ज्या मशीनने मे महिन्यापर्यंत तक्रार केली नव्हती त्याचे एक चॅनल मध्येच उसळ्या मारू लागते. जंक्शन बॉक्स उघडला की तळाशी चमचाभर पाणी, टर्मिनलवर हिरवट थर, आणि केबल ग्लँड वरच्या बाजूने घेतलेला. प्रोब आणि एक्स्टेन्शन केबल यांच्या जोडावरचा छोटा कनेक्टर हातानेच घट्ट केलेला, त्यावर संरक्षक आवरण नाही, कंपनाने तो सैल झालेला. शील्ड दोन्ही टोकांना अर्थ केलेली, त्यामुळे फिरता करंट माप बिघडवतो. कुणी प्रॉक्सिमिटरच्या (प्रोबचा सिग्नल मापात बदलणाऱ्या उपकरणाच्या) डब्याशेजारी उभे राहून वॉकी-टॉकीवर बोलला की आकडा उडी मारतो. शाफ्टच्या ज्या पट्टीसमोर प्रोब असते तिथे ओरखडा पडला असेल किंवा चुंबकत्व राहिले असेल, तर शाफ्ट न हलताही तो हलल्यासारखा दिसतो. या प्रत्येक रोगाला औषध आहे, ते स्वस्त आहे, आणि बहुतेकदा एका शटडाऊनमध्ये संपणारे आहे. ग्लँड खालून घ्या, कनेक्टरवर बूट चढवा, शील्ड एकाच टोकाला अर्थ करा, डब्याजवळ वॉकी-टॉकी बंदीची पाटी लावा.

सेटिंगमध्येही खोट्या ट्रिपला आवर घालायची सोय आधीच दिलेली आहे. क्षणिक उसळीने मशीन पडू नये म्हणून मर्यादा काही काळ सलग ओलांडली गेली तरच रिले हलतो. एपीआय ६७० मध्ये डेंजरसाठी हा काळ नेहमीचा एक सेकंद, आणि तीन सेकंदांपर्यंत वाढवता येतो. सुरू होताना मशीन क्रिटिकल स्पीड, म्हणजे रोटर स्वतःच जास्त थरथरतो तो वेग, ओलांडते तेव्हा व्हायब्रेशन वाढणारच. तेवढ्या वेळापुरती मर्यादा दुप्पट-तिप्पट करणारी ट्रिप मल्टिप्लाय नावाची सोय असते, आणि सुरुवात संपली की ती निघायला हवी. शाफ्ट लांबीच्या दिशेने सरकला तर दोन प्रोबनी एकमताने सांगितल्याशिवाय मशीन पाडायचे नाही, ही ‘दोनपैकी दोन’ची अटही मान्य आहे.

मात्र याच सोयी पुढे ताणल्या जातात तेव्हा सावध राहायला हवे. खोट्या ट्रिपला कंटाळून काही ठिकाणी एका बेअरिंगच्या एक्स आणि वाय प्रोबनाही ‘अँड’ लावतात: दोन्हींनी डेंजर सांगितला तरच ट्रिप. हे शहाणपण वाटते, पण शाफ्ट नेहमी गोल फिरत नाही. एका बाजूने दाब असेल तर त्याचा मार्ग चपटा होतो. तेव्हा एका प्रोबवर धोक्याचा आकडा आणि दुसऱ्यावर अगदी साधा आकडा दिसू शकतो, आणि ‘अँड’ लावलेला रिले गप्प बसतो. शिवाय ‘अँड’ दोन प्रकारचा असतो. नॉर्मल अँडमध्ये खराब झालेली प्रोब मतदानातून बाहेर पडते आणि उरलेली एकटी ट्रिप देऊ शकते. ट्रू अँडमध्ये खराब प्रोब बाहेर पडत नाही आणि ट्रिपची वाट अडवून बसते. कॉन्फिगरेशनमध्ये दोन्ही पर्याय शेजारी शेजारी असतात. तुमच्या रॅकमध्ये कोणता निवडला आहे, हे कारखान्यात किती जणांना सांगता येईल?

दुसरा मुद्दा नेटवर्कचा. सगळे आकडे मॉडबसवरून डीसीएसमध्ये येत असताना रिले मॉड्यूल आणि तारांचा जुडगा म्हणजे जागेची आणि पैशाची उधळपट्टी, असे म्हणतात. माहिती नेटवर्कवरून जरूर यावी. ट्रेंड, इतिहास, आलेख, सगळे तिथेच पाहावे. पण माहिती उशिरा पोचली तर नुकसान होत नाही, ट्रिप उशिरा पोचली तर होते. नेटवर्कवर स्विच असतो, सर्व्हर असतो, त्याचा पॅच असतो, पासवर्ड असतो, दुपारी कुणीतरी काढलेली केबल असते. यातली कुठलीही गोष्ट बिघडली तरी आलेख दिसेनासा होईल, एवढेच व्हावे. मशीनचा जीव त्यावर टांगलेला नसावा. रिलेची तार थेट ट्रिप सोलेनॉइडकडे जावो किंवा इमर्जन्सी शटडाऊन सिस्टीममार्गे, ती स्वतंत्र तार असावी.

स्वतंत्र मार्गाचे महत्त्व आपल्या देशाने एकदा फार जवळून पाहिले आहे. ३१ मार्च १९९३ च्या पहाटे उत्तर प्रदेशातल्या नरोरा अणुवीज केंद्रात पहिल्या युनिटच्या टर्बाइनमधली कमी दाबाच्या शेवटच्या टप्प्यातली दोन ब्लेड तुटली. रोटरचा तोल गेला, प्रचंड कंपने झाली, जनरेटरचे हायड्रोजन सील फुटले, आग लागली, मग तेल पेटले. आग केबलपर्यंत गेली. वेगवेगळ्या विद्युत पुरवठ्यांच्या केबल एकत्रच नेलेल्या होत्या, त्यामुळे पर्यायी पुरवठेही एकदमच गेले. केंद्र सुमारे सतरा तास अंधारात होते. अणुभट्टी वेळीच बंद केली गेली आणि किरणोत्सर्ग बाहेर पडला नाही, हे त्या रात्री तिथे असलेल्या माणसांचे श्रेय. पण एकाच वाटेने नेलेले दोन पर्याय म्हणजे प्रत्यक्षात एकच पर्याय, हा धडा तिथे लिहिला गेला. ट्रिपही डीसीएसच्या त्याच नेटवर्कवर टाकू म्हणणारे हाच धडा पुसायला निघाले आहेत.

रिले जुना आहे, हे मात्र खरे आहे आणि त्याच्या खोडीही खऱ्या आहेत. डीसी सोलेनॉइडसारख्या इंडक्टिव्ह लोडवर काँटॅक्ट सुटताना ठिणगी पडते. सोलेनॉइडला डायोड नसेल तर हळूहळू काँटॅक्ट जळतो, कधी चिकटतोही. चिकटलेला काँटॅक्ट मॉनिटरला दिसत नाही, त्याच्या मते रिले हलला असतो. मोठ्या करंटसाठी बनवलेला चांदीचा काँटॅक्ट डीसीएसच्या काही मिलिअँपच्या इनपुटवर लावला तर त्यावरचा थर जळून साफ होत नाही आणि जोड अविश्वासू होतो. तिथे सोन्याचा मुलामा दिलेले काँटॅक्ट लागतात. समुद्रापासून दूर नसलेल्या, वर रासायनिक वाफा असलेल्या रायगडच्या हवेत उघडे रिले लवकर खराब होतात, म्हणून सीलबंदच हवेत. हे सगळे मला मान्य आहे. पण ज्या वस्तूच्या खोडी पन्नास वर्षांत पाठ झाल्या आहेत आणि ज्या मल्टिमीटरने तपासता येतात, ती वस्तू काढून जिच्या खोडी अजून कुणाला पाठ नाहीत ती बसवणे, याला आधुनिकता म्हणत नाहीत.

रिले नॉर्मली एनर्जाइज्ड ठेवावा की नाही, यावरही वाद आहे, आणि तो खरा वाद आहे. रिलेची कॉइल आणि सोलेनॉइडचे सर्किट कायम चालू ठेवले तर तार तुटताच मशीन पडते: सुरक्षित, पण एका सैल टर्मिनलने उत्पादन जाते. दोन्ही एरवी बंद ठेवली तर तार तुटली तरी मशीन चालते: उत्पादन वाचते, पण संरक्षण गेल्याचे कुणाला कळतही नाही. दुसरा मार्ग निवडणाऱ्यांनी निदान त्या तारेवर नजर ठेवणारी सोय बसवावी आणि ठरावीक काळाने शेवटच्या व्हॉल्व्हपर्यंत चाचणी घ्यावी. ती अनेकदा घेतली जात नाही.

घेतली जात नाही म्हणजे काय होते, ते एका शटडाऊनमध्ये मी पाहिले आहे. व्हायब्रेशनची वार्षिक चाचणी चालू होती. प्रोब बेअरिंगमधून काढून वॉबल प्लेटवर, म्हणजे चाचणीच्या तिरक्या फिरत्या तबकडीवर, धरली, मध्यापासून कडेकडे सरकवत नेली, मॉनिटरवर आकडा चढत गेला, अलर्टचा पिवळा दिवा, मग डेंजरचा लाल. रॅकमधून रिलेचा टक असा आवाज आला. चाचणीच्या कागदावर ‘ओके’ लिहून सही करायची वेळ झाली. तेवढ्यात एका तरुण टेक्निशियनने ट्रिप सोलेनॉइडपाशी जाऊन पाहिले: सोलेनॉइड हलला नव्हता. फील्डच्या तारा जिथे जोडल्या जातात त्या मार्शलिंग पॅनेलमध्ये शोधल्यावर दोन टर्मिनलमध्ये इंचभर लाल वायरचा जंपर सापडला, मागच्या स्टार्टअपला घातलेला. तो कुणी घातला, याची नोंद नव्हती. त्या जंपरसकट मशीन पुढच्या शटडाऊनपर्यंत अखंड चालले होते, आणि मॉनिटर रोज नीट आकडा दाखवत होता. ट्रिपच्या विरोधकांना मी हेच सांगतो: तुम्ही म्हणता ती ‘फक्त अलार्म’ व्यवस्था आपल्याकडे अनेक ठिकाणी आधीच चालू आहे. फरक इतकाच, की ती कुणी मंजूर केलेली नाही.

तिसरा मुद्दा सध्या सगळ्यांत जास्त टाळ्या घेणारा. एआय महिनाभर आधी बिघाड सांगते. सांगते, काही बिघाडांच्या बाबतीत, आणि ते चांगलेच आहे. बॉल बेअरिंगचा खड्डा, सैल झालेला पाया, हळूहळू वाढणारे मिसअलाइनमेंट, या गोष्टी आधी कळतात आणि त्यामुळे पुष्कळ मशीन वाचतात. पण हे सगळे हळू चालणारे रोग आहेत. ब्लेड तुटणे, लुब ऑइलचा दाब अचानक जाणे, कॉम्प्रेसरमध्ये द्रव शिरणे, कपलिंग फुटणे यांना महिनाभराची नोटीस नसते. पंपावर वायरलेस सेन्सर बसवून तो तासाला एकदा आकडा पाठवत असेल, तर मिनिटाला तीन हजार फेरे घेणारा पंप दोन आकड्यांच्या मध्ये १,८०,००० फेरे घेऊन मोकळा होतो. निदान करणारी व्यवस्था आणि मशीन वाचवणारी व्यवस्था यांची कामे वेगळी आहेत. एक दुसरीची जागा घेऊ शकत नाही, आणि चांगल्या निदानाच्या नावाखाली दुसरीचे पैसे वाचवणारा माणूस पहिलीचाही हेतू बुडवतो.

शिवाय भविष्य सांगणाऱ्या सॉफ्टवेअरने सांगितले तरी थांबवणार कोण? पुन्हा तोच ऑपरेटर, तोच शिफ्ट इन्चार्ज, तेच रात्रीचे अडीच. पडद्यावर ‘बिघाडाची शक्यता ७० टक्के’ असे आले म्हणून चालू प्लांट पाडण्याचे धाडस कोण करील?

म्हणजे तिन्ही मुद्दे शेवटी एकाच गोष्टीवर येतात. खोटी ट्रिप नको, म्हणून अलार्म. अलार्म नेटवर्कवर आहेच, म्हणून रिले नको. पुढचे एआय सांगेल, म्हणून काळजी नको. या साखळीत कुठेही कुणी जबाबदार राहत नाही. रिलेच्या तारेला मात्र एक स्पष्ट मालक असतो: ती काढायची तर कुणाला तरी सही करावी लागते. खरा झगडा तंत्रज्ञानाचा नाहीच. ती सही कोण करतो आणि ती किती दिवस चालते, हा झगडा आहे.

या भागाला स्फोट नवा नाही. नोव्हेंबर १९९० मध्ये नागोठण्याच्या गॅस क्रॅकर संकुलात वायुगळतीतून स्फोट झाला आणि तीसहून अधिक माणसे गेली. ते प्रकरण व्हायब्रेशनचे नव्हते आणि माझ्या म्हणण्याला पुरावा म्हणून मी ते वापरत नाही. पण आजूबाजूच्या गावांत त्या दिवसाची आठवण असलेली माणसे आहेत, आणि त्यांना ‘धोका तसा कमीच आहे’ हे समजावणे सोपे नाही.

म्हणून ट्रिप काढण्याचा प्रस्ताव घेऊन येणाऱ्यांनी आधी आपल्या कारखान्यातल्या चार गोष्टी पडताळून पाहाव्यात. आज या क्षणी किती व्हायब्रेशन ट्रिप बायपासमध्ये, म्हणजे निष्प्रभ करून ठेवलेल्या, आहेत, आणि प्रत्येकीवर नाव, कारण आणि संपण्याची तारीख लिहिलेली आहे का. बायपासची किल्ली कुणाकडे असते, आणि ती स्टार्टअपनंतर परत घेतली जाते का. शेवटची चाचणी मॉनिटरच्या दिव्यापर्यंत झाली होती, रिलेच्या काँटॅक्टपर्यंत, की ट्रिप व्हॉल्व्ह प्रत्यक्ष बंद होईपर्यंत. आणि गेल्या दोन वर्षांतल्या प्रत्येक खोट्या ट्रिपचे कारण शोधले गेले का, की ‘स्प्युरियस’ एवढा एक शब्द लिहून कागद बंद झाला. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या अधिकाऱ्यांना आणि बाहेरून येणाऱ्या सेफ्टी ऑडिटरनाही हीच विनंती: अग्निशामकांच्या तारखा जरूर तपासा, पण एकदा मार्शलिंग पॅनेलचे दारही उघडायला सांगा आणि बायपास रजिस्टर मागा. कामगार संघटनांनी हेल्मेट आणि बूट मागितले, ते योग्यच होते. आता ट्रिप चाचणीचा अहवाल सुरक्षा समितीच्या बैठकीत मांडावा अशी मागणी करावी.

या चार गोष्टी कागदावर नीट असतील, तर खोट्या ट्रिप आपोआप कमी झालेल्या दिसतील आणि हा वादच उरणार नाही. नीट नसतील, तर ट्रिप काढण्याची परवानगी मागण्याचा अधिकार अजून कुणी कमावलेला नाही. आधी जंपर काढा, मग वाद घाला.